आवर्तन

लासलगावहून पोती येतात.
टरफलाचे पैसे नाहीत,
टेम्पोचं भाडं तेवढं, आणि ठकूबाईला चहापत्तीची पुडी.
ती खळ्यावर कांदा निवडते दिवसभर.
वारा सुटला की टरफलं केसांत बसतात तिच्या,
झटकत नाही.
म्हणते, आपल्या वाट्याचं सोनं एवढंच, राहू दे.

रज्जाकभाई ती आदल्या रात्री भिजवतात.
सकाळी उकळ, तुरटी मुठीच्या मापानं.
वजनकाटा आहे त्यांच्याकडे,
त्यावर बिड्यांचा डबा असतो.
येवल्याच्या आमच्या गल्लीत मग वास सुटतो,
शेजारीण भिंतीवरून विचारते,
आज काय गं, थालीपीठ?
मी म्हणते, साडी.

मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत जमिनीत मी,
पाय पावड्यांवर.
एकवीस वर्षं.
दिवसाला चार बोटं कापड,
कोयरी आली की दोनच.
लाईट गेली तरी हा माग चालतो,
हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.
लाईट आली तरी हिशेब जुळत नाही,
हे नाही सांगत.

ही साडी नाशकाच्या दुकानाची, गंगापूर रोडची.
मृण्मयीताईंनी नमुन्याला चिंधी दिली होती:
हाच पिवळा. झाडापाल्याचा.
साडीभर हाच.

अडीच वार झालं आणि बाण्याचं रेशीम संपलं.
दुसरी उकळ लावायची
तर विहिरीच्या तळाला नुसती घागर वाजत होती.
त्याच आठवड्यात पालखेडचं आवर्तन सुटलं,
रज्जाकभाईंनी कालव्याचं पाणी भरलं.
तीच टरफलं. तीच तुरटी. मूठही तीच.
पहिली लड होती वाळल्या गवतावर ऊन पडावं तशी,
ही निघाली फिकी,
ताकावर नुकतं आलेलं लोणी.
ते कितीतरी वेळ ती उजेडात धरून उभे.
मग म्हणाले, विहिरीत मीठ होतं, बेटी.
कालव्याला अजून चव लागायचीय.

उसवता आलं असतं.
दीड महिना उसवता येतो,
हात तयार असतात त्याला.
धोटा मांडीवर घेऊन बसले संध्याकाळपर्यंत,
कांडीवरचा तो फिका रंग बघत.
त्याचा काय दोष होता?
मग फेकला धोटा डावीकडून उजवीकडे.
फणी ठोकली.

दुकानात त्यांनी साडी काचेवर पसरली,
आणि बोट थांबलं, थांबणारच होतं.
डाग आहे का... नाही, रेघ.
मी म्हटलं, ताई, तारीख आहे ती.
इथवर विहीर. इथून पुढं कालवा.
त्या हसल्या. वाईट नाहीत त्या.
म्हणाल्या, मला पटतंय हो,
पण गिऱ्हाईकाला काय सांगू?
त्यांच्या डोक्यावर छान अक्षरात पाटी होती,
माती, पाणी, मायेचा हात, असं काहीसं.
मी ती वाचलीच नाही असं दाखवलं
आणि घडी घातली,
रेघ आत ठेवून.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर.
निफाडच्या पुढं कालवा दिसला,
पुन्हा कोरडा, तळाशी एक चप्पल.

परवा ठकूबाई पोती घेऊन आली.
साडी दांडीवर होती.
तिनं हात न लावता, लांबूनच
त्या रेघेपाशी बोट नेलं.
हे पाणी आलं तेव्हाचं ना?
मी बघतच राहिले.
ती म्हणाली, आमच्याकडंही आलं होतं की.
त्या दिवशी मी डोक्यावरून न्हाले,
केसांतून इतकी टरफलं निघाली,
मोरीच तुंबली.

म्हटलं, नेसून बघतेस?
नको नको म्हणाली. मग म्हणाली,
थांब, हात धुऊन येते.

मी रांजणाचं झाकण काढून पाहिलं.
तेवढं होतं.